मलेशियाच्या ताटात नाशिकचा कांदा

परदेशी गेलेल्या आपल्या माणसाला विमानतळाबाहेर पाऊल टाकताच पहिली काळजी लागते ती जेवणाची. खोली लहान असली तरी चालते, टॅक्सी महाग पडली तरी चालते. ताटात काय वाढले आहे याबाबतीत तडजोड होत नाही. व्यापारासाठी युरोपात जाणारे आमचे काही परिचित आठ-आठ दिवस पाव, अंडी आणि घरून नेलेल्या चिवड्यावर काढतात. मलेशिया हा देश या बाबतीत निराळा. २०२० च्या जनगणनेप्रमाणे तेथील ६३.५ टक्के लोक मुसलमान आहेत. सहारच्या विमानतळावरून साधारण पाच तासांचा प्रवास. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसाची अट काढण्यात आली आणि त्या सवलतीची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा फॉर्म मोबाईलवर भरावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. तेव्हापासून अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर या भागांतील कितीतरी कुटुंबे सुट्टीत तिकडे जाऊन येऊ लागली आहेत.

आम्ही मात्र फिरायला गेलो नव्हतो. क्वालालंपूरला २००४ पासून ‘मिहास’ नावाचे हलाल मालाचे मोठे प्रदर्शन भरते. ते पाहण्यासाठी उपनगरातील तीन व्यापारी निघाले होते, त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. एक जोगेश्वरीचे केटरर, लग्नाच्या दावतीत हजार माणसांची देग चढवणारे. दुसरे घाटकोपरचे हॉटेलवाले. वडील औरंगाबादकडून आले, तेव्हापासून दुकान चालू आहे. तिसरे मुलुंडला मसाल्याचा घाऊक व्यापार करणारे, मूळचे श्रीवर्धनकडचे. प्रदर्शनात दोन दिवस गेले, पण खरे शिक्षण झाले ते रस्त्यावरच्या जेवणाच्या टेबलांवर, आणि त्याचीच हकीकत येथे द्यायची आहे.

मलेशियात भारतीय मुसलमानांच्या खाणावळीला ‘मामाक’ म्हणतात. तमिळमध्ये मामा म्हणजे मामाच, त्यावरून हा शब्द पडला. शहर कोणतेही असो, चार गल्ल्यांत एक मामाक असतोच. बहुतेक दुकानांना पुढची भिंत नसते, टेबले थेट फुटपाथपर्यंत आलेली असतात आणि बरीच दुकाने चोवीस तास उघडी राहतात. रात्री दोन वाजता तेथे मलय कुटुंब बसलेले दिसेल, शेजारी चिनी विद्यार्थी, पलीकडे तमिळ हिंदू टॅक्सीवाले, आणि वर टीव्हीवर फुटबॉलचा सामना. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या पद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात नावे आहेत तीन: नासी लमाक, रोती चनाई आणि तेह तारिक. यांतली रोती आणि चहा या दोन गोष्टी मामाकांच्या हातच्या.

मस्जिद इंडिया नावाच्या भागात आम्ही पहिल्या रात्री जेवलो. काचेच्या कपाटामागे पंधरा-वीस पातेली उघडी मांडलेली. वाढणारा आधी ताटात भात घालतो, मग आपण बोट दाखवू ते घालतो. तळलेली कोंबडी, माशाच्या डोक्याचे कालवण, माखूळ, अंडी, मटण. आणि भेंडी! तिला तेथे ‘बेंडी’च म्हणतात. शेवटी वाढणारा तीन-चार निरनिराळ्या पातेल्यांतला रस्सा एकावर एक ओततो. या प्रकाराला ‘बंजिर’ म्हणजे पूर असे नाव आहे, आणि भात खरोखरच बुडतो. घाटकोपरवाल्यांनी एका पातेल्याकडे बोट करून नाव विचारले तर उत्तर आले, ‘दालचा.’ औरंगाबादच्या माणसाला क्वालालंपूरमध्ये दालचा भेटला, तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल ते वाचकांनी ओळखावे.

मुलुंडच्या मसालेवाल्यांचे आश्चर्य वेगळे होते. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात; त्यावर मिरचीचे तिखट वाटण, तळलेले शेंगदाणे आणि कुरकुरीत सुकी बारीक मासळी. भाताला वास यावा म्हणून त्यात जे लांब पान घालतात ते कोकणात आणि वसईकडे काही घरांच्या परसात आजही लावलेले असते. पेनांगच्या आंबट लक्सा या शेवयांच्या प्रकारात जो मासा कुस्करून घालतात तो आपला बांगडा, आणि त्यात आंबटपणासाठी पडणारी वाळलेली फोड ही आमसुलाच्या जातभाई फळाची. भात, मासळी, नारळ, आंबट. श्रीवर्धनच्या माणसाला आणखी काय सांगायचे? ‘आमच्या आईने हे खाल्ले असते तर मीठ कमी आहे एवढेच म्हणाली असती,’ असे ते म्हणाले.

खांद्यावरची कावड

या ताटाचे नाव ‘नासी कंदार’. नासी म्हणजे भात. कंदार म्हणजे खांद्यावरून वाहून नेणे. मराठीत सरळ सांगायचे तर कावडीवरचा भात. नावातच सगळा इतिहास आला आहे.

१७८६ मध्ये इंग्रजांनी पेनांग बेट ताब्यात घेऊन जॉर्जटाऊन बंदर वसवले. व्यापारासाठी तमिळ किनाऱ्यावरचे मुसलमान तेथे जाऊ लागले. त्यांना चुलिया म्हणत आणि जॉर्जटाऊनमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे. १८०१ मध्ये त्यांच्या पुढाऱ्याने बांधलेली कपितान केलिंग मशीद त्याच भागात उभी आहे. यांतले काही मोठे व्यापारी झाले, पण रामनाथपुरम, कडैयनल्लूर अशा गावांतून मागाहून आलेल्या पुष्कळांजवळ भांडवल म्हणून हात आणि खांदे एवढेच होते. त्यांनी बांबूच्या एका टोकाला भाताचे भांडे आणि दुसऱ्या टोकाला कालवणाची भांडी अडकवली आणि गोदीवर पहाटे उभे राहिले. माल उतरवणाऱ्या हमालाला कामावर चढण्याआधी पोटभर गरम भात हवा होता. गिऱ्हाईक ठरलेले, जागा ठरलेली, भाडे शून्य.

आम्ही क्वालालंपूरहून रेल्वेने बटरवर्थ गाठले आणि तेथून फेरीबोटीने जॉर्जटाऊनला उतरलो. उतरण्याची जागा जुन्या धक्क्यालाच लागून आहे. तेथून चालत कॅम्पबेल रस्त्यावर ‘हमीदिया’ हे दुकान आहे, १९०७ पासूनचे. नासी कंदारच्या आज चालू असलेल्या दुकानांत सर्वांत जुने म्हणून ते ओळखले जाते. शंभराहून अधिक वर्षे म्हणजे चार-पाच पिढ्या झाल्या. आपल्या मुंबईत इराण्यांचे किती चहाखाने एवढी वर्षे टिकले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. कपितान केलिंग मशिदीला लागून दुसरे एक दुकान आहे, ते रात्री उशिरा उघडते आणि त्याच्यासमोर रांग लागते. त्या रांगेवरूनच लोकांनी दुकानाला नाव पाडले आहे. आम्ही त्या रांगेत पाऊण तास उभे होतो. केटरर भाई मोजत होते: वाढणारे दोघे, पैसे घेणारा एक, माणशी एक मिनिटही नाही.

१९९५ मध्ये पेनांगच्या मुख्यभूमीवर सुरू झालेल्या ‘पेलिता’ या दुकानाच्या पुढे अनेक शाखा झाल्या आणि त्यांनी चेन्नईतही शाखा काढली. म्हणजे तमिळनाडूहून कावडीवर गेलेला भात वातानुकूलित होऊन परत तमिळनाडूत विकायला आला. हा प्रवास साधा नाही.

ताटात कोणाचा माल

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती सांगतो. पेनांगच्या एका दुकानाचा व्यवस्थापक तमिळ मुसलमान होता आणि त्याला मोडकी हिंदी येत होती. आम्ही मुंबईचे म्हटल्यावर तो आम्हाला मागे कोठीत घेऊन गेला. लाल जाळीच्या पोत्यांवर भारतीय निर्यातदाराचे नाव. गोठवलेल्या मांसाचे खोके भारतीय. तांदळाच्या पोत्यांतही भारताचा तांदूळ होता. मसाल्यांचे बोलायलाच नको.

त्या ताटातला माल पुष्कळसा न्हावा शेवाच्या बंदरातून जातो. नाशिकच्या कांद्याच्या मोठ्या परदेशी गिऱ्हाइकांत बांगलादेश, श्रीलंका, अमिरातीबरोबर मलेशियाचे नाव वर्षानुवर्षे आहे. मामाकाच्या प्रत्येक रश्शाचा पाया कांदा, आणि तोही आपला लाल, तिखट, कमी पाण्याचा. भाजला की लवकर रंग येतो. मांसाचे म्हणाल तर भारतातून गाय-बैलाच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे. जाते ते म्हशीचे, हाडे काढून गोठवलेले. मलेशियाच्या आयातीत त्याचा वाटा सर्वांत मोठा. मुंबईच्या अल्लाना कंपनीचे नाव तेथील बाजारात इतके रुळले आहे की साधी गिऱ्हाईक बाई भारतीय गोठवलेल्या मांसाला ‘दागिंग अल्लाना’ म्हणूनच मागते. दागिंग म्हणजे मांस. उलट दिशेने तिकडून आपल्याकडे येते ते पामतेल. पामतेलाच्या आयातीत भारत जगात पहिला आहे, आणि वडापावच्या कढईपासून बिस्किटांपर्यंत ते आपल्या पोटात रोज जाते.

एवढा व्यवहार असूनही यात आपली बाजू किती कमकुवत आहे हे २०२३ साली दिसले. त्या वर्षी २० जुलैला केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. मलेशियात आयात तांदळाचा सर्व व्यवहार ‘बर्नास’ या एका कंपनीकडे आहे. तिने १ सप्टेंबरपासून आयात तांदळाचा भाव टनाला २,३५० रिंगिटवरून ३,२०० रिंगिटवर नेला, म्हणजे किलोमागे ८५ सेन, शेकडा छत्तीस वाढ. ऑक्टोबरमध्ये भारताने सरकार-ते-सरकार पद्धतीने मलेशियाला १ लाख ७० हजार टन तांदूळ द्यायचे मान्य केले. बंदी उठली ती २८ सप्टेंबर २०२४ ला.

कांद्याचे त्याहून वाईट झाले. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर भावाची अट आली आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला ती उघडली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली आणि शुल्क निम्म्यावर, २० टक्क्यांवर आले. पूर्ण माफी १ एप्रिल २०२५ ला. दीड वर्षाहून अधिक काळ लासलगावच्या माणसाने काय भोगले ते लासलगावला जाऊन विचारावे.

आणि पेनांगच्या मामाकाने काय केले? त्याने पाकिस्तानचा कांदा आणला, चीनचा आणला. व्यवस्थापकाच्या सांगण्याप्रमाणे चिनी कांद्याला पाणी जास्त, परतायला वेळ लागतो, गॅस जास्त जळतो, तक्रार एवढीच. ताटाचा भाव थोडा वाढवला, भाताचा डाव थोडा लहान केला, दुकान एक दिवसही बंद राहिले नाही. कच्चा माल विकणारा दिल्लीच्या एका परिपत्रकाने उठतो आणि बसतो. तोच माल शिजवून विकणाऱ्याला दुसऱ्या देशाचा कांदा मिळतो. आपण शतकभर पोती पाठवत आलो आणि रामनाथपुरमच्या माणसाने कावड उचलली. कमाई कोणाची झाली ते समोर दिसते.

(उलट बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये दोन्ही सरकारांत बेबनाव झाला, तेव्हा भारताने शुद्ध केलेल्या पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली आणि फटका मलेशियाच्या तेलवाल्यांना बसला. पोती कोणाचीही असोत, गत एकच.)

पाटी आणि परवाना

आपल्याकडे हॉटेलच्या पाटीवर ‘हलाल’ लिहिले आणि गल्ल्यावर ओळखीचा माणूस बसला की गिऱ्हाइकाचे समाधान होते. मलेशियात कारभार कागदावर आहे. तेथे हलालचे दाखले १९७४ पासून दिले जातात, १९९४ पासून त्यांवर ठरावीक चिन्ह असते, आणि हे काम ‘जाकिम’ हे सरकारी खाते पाहते. २०११ च्या कायद्याने ‘हलाल’ या शब्दाची व्याख्या करून ठेवली आहे आणि खोटे चिन्ह लावणे हा व्यापारी फसवणुकीचा गुन्हा आहे. मात्र दाखला घेणे सक्तीचे नाही. मुसलमान मालकांच्या पुष्कळ मामाकांकडे तो नसतो, आणि कोणी विचारतही नाही. प्रवाशाने ध्यानात ठेवायची गोष्ट दुसरी: काही दुकानांवर ‘डुकराचे मांस व चरबी वापरत नाही’ एवढीच पाटी असते. ती पाटी म्हणजे हलालचा दाखला नव्हे. कोंबडी कोठून आली, कोणी कापली याबद्दल ती काहीच सांगत नाही. चिन्ह पाहावे, नसेल तर मालकाला विचारावे. विचारल्याचा कोणी राग मानत नाही.

निर्यातीच्या मांसाला हे कागद आणखी कडक आहेत. मलेशियाचे पशुवैद्यकीय खाते आणि जाकिम यांची माणसे भारतात येऊन कत्तलखाने तपासतात आणि मंजूर कारखान्याचाच माल घेतात. आपल्या सरकारनेही एप्रिल २०२३ मध्ये हलाल म्हणून मांस निर्यात करण्याची नियमावली काढली. दाखला देणाऱ्या संस्थेला भारतीय गुणवत्ता परिषदेची मान्यता हवी असे त्यात ठरले. प्रदर्शनात आम्ही ज्या लहान निर्यातदारांशी बोललो त्यांची तक्रार खर्चाची होती, तत्त्वाची नव्हती.

स्वच्छतेचाही कायदा आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाने टायफॉईडची लस घेतली पाहिजे आणि शिकवणीचा वर्ग केला पाहिजे. पालिका दुकानाला अ, ब, क अशी श्रेणी देते आणि तो कागद गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा लागतो. घाण सापडली तर चौदा दिवसांपर्यंत टाळे. नावाजलेल्या दुकानांनाही टाळी लागलेली आहेत. १ जानेवारी २०१९ पासून खाणावळीत आणि तिच्यापासून तीन मीटरच्या आत सिगारेट ओढायला बंदी आहे. मामाकांचा धंदा बुडेल अशी तेव्हा भीती होती, तो बुडाला नाही.

सगळे गोड आहे असे मात्र नाही. नासी कंदारच्या ताटाचा भाव पातेल्यांवर लिहिलेला क्वचितच असतो. मालक ताटाकडे एक नजर टाकतो आणि आकडा सांगतो. एका दुकानात आमच्या चार ताटांचा आकडा ऐकून केटरर भाईंनी दोनदा विचारले. माखूळ महाग असते हे आम्हाला वाढताना कोणी सांगितले नव्हते. तेथील गिऱ्हाइकांचीही हीच जुनी तक्रार आहे आणि वर्तमानपत्रांत ती अधूनमधून छापून येते. ज्या धंद्यात मालाची शुद्धता कागदावर सिद्ध करावी लागते, त्यात भाव मात्र नजरेवर, हे आम्हाला पटले नाही. व्यवहारात भाव आधी ठरावा, ही आपलीही जुनी शिकवण आहे.

दुसरे दुखणे माणसांचे. मामाकाची मुले शिकली, डॉक्टर-वकील झाली, तव्यासमोर उभी राहत नाहीत. तवा सांभाळतात ते तमिळनाडूचे, बांगलादेशचे मजूर. त्यांच्या परवान्यांवर सरकार मधूनमधून हात आखडते. पेनांग राज्याने २०१६ पासून खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर परदेशी मुख्य आचाऱ्याला मनाई केली. २०१८ मध्ये केंद्राच्या मंत्र्याने हॉटेलांतही स्थानिकच आचारी हवेत असे जाहीर केले आणि ओरड झाल्यावर मागे घेतले. फेब्रुवारी २०२५ पासून किमान वेतन महिना १,७०० रिंगिट झाले. रिंगिट साधारण वीस-बावीस रुपयांचा धरला तर चौतीस ते सदतीस हजार रुपये. दीड-दोन रिंगिटला रोती विकणाऱ्याला हे जड जाते. चोवीस तास चालणारी काही दुकाने मध्यरात्री बंद होऊ लागली आहेत. शंभर वर्षांपूर्वी जो परका म्हणून आला त्याचा नातू आज परक्या मजुरासाठी सरकारच्या दारात उभा आहे, हा काळाचा फेरा.

अंधेरीत चालेल काय?

परतीच्या विमानात तिघांचा वाद याच प्रश्नावर झाला. उपनगरांत मलेशियन जेवण नाही असे नाही. बड्या हॉटेलांत आणि मॉलमधल्या आशियाई नावाच्या दुकानांत लक्सा, साते, रेंदांग यादीत दिसतात. पण तेथे एका वाडग्याला जो भाव पडतो त्यात मामाकाकडे चौघे जेवून उठतात. स्वस्त आणि सर्वांचे हे मामाकाचे वैशिष्ट्य, तेच येथे आलेले नाही.

केटरर भाईंचे म्हणणे होते की चालेल. त्यांचा मुद्दा तव्याचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ मधील आदेशानंतर महापालिकेने भट्ट्या आणि तंदूर लाकूड-कोळशावरून गॅस किंवा विजेवर न्यायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. तंदूरवर उभ्या असलेल्या आपल्या हॉटेलांची त्यात धावपळ झाली. रोती चनाई मात्र गॅसच्या सपाट तव्यावर होते. मैद्याचा गोळा तेलात भिजवून ठेवायचा, हवेत फिरवून रुमालासारखा पातळ करायचा, घड्या घालून शेकायचा. आपल्याकडे मलबारी पराठा करणारे कारागीर आहेत, बैदा रोटी करणारे आहेत. मलेशियाचा ‘मुर्तबाक’ म्हणजे बैदा रोटीचाच भाऊ. कारागीर नवा शोधायला नको. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात दारू न विकणारी हॉटेले चोवीस तास उघडी ठेवता येतील हे स्पष्ट झाले आहे. विमानतळ, मरोळच्या कचेऱ्या, रात्रपाळीची मुले: गिऱ्हाईक अंधेरीत रात्रीही जागे असते.

घाटकोपरवाले ऐकून घेत होते. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. अन्न परवाना, पालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमनचे ना-हरकत पत्र, गुमास्ता. हे सगळे मिळते, वेळ लागतो एवढेच. अडचण जागेची. मामाकाची टेबले फुटपाथवर असतात आणि पालिका भाडे घेऊन ती जागा देते. अंधेरीत फुटपाथवर खुर्ची ठेवा, दुसऱ्या दिवशी गाडी येऊन उचलून नेईल. टेबले आत घ्यायची तर चौरस फुटाचे भाडे आले, आणि ते भाडे चाळीस रुपयांच्या रोतीतून निघत नाही. त्यांच्या वडिलांचे दुकान पागडीचे आहे म्हणून दालचा-भाताचा भाव परवडतो. आज डिपॉझिट भरून नव्याने दुकान काढायचे झाले तर आपणही मॉलवाल्याचाच भाव लावू, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. रात्रभर दुकान चालवायचे तर तीन पाळ्यांची माणसे लागतात, आणि ईदला, लग्नसराईत गावी गेलेला आचारी कधी परत येईल ते कोणी सांगू शकत नाही.

मसालेवाल्यांनी मधला रस्ता काढला. दुकान नको, वाटण विका. नासी कंदारचा रस्सा आणि लमाकचे तिखट वाटण बाटलीत भरून हॉटेलांना आणि घरांना द्या. कांदा नाशिकचा, मिरची आपली, नारळ कोकणचा, सुकी मासळी वेसाव्याची. निर्यात बंद झाली तर पोते अडते. बाटली आधी मुंबईतच विकता येते आणि पुढे कागदपत्रे झाली की बाहेरही जाते. प्रदर्शनात थायलंडच्या आणि इंडोनेशियाच्या अशा बाटल्यांच्या रांगा त्यांनी पाहिल्या होत्या. भारताच्या दुकानांवर बहुतेक जागी पोती आणि खोकेच होते.

आम्हाला या तिघांत मसालेवाल्यांचे म्हणणे सर्वांत व्यवहाराचे वाटते, आणि केटरर भाईंची उमेद सर्वांत मोलाची. शेवटी सुरुवात केली ती केटरर भाईंनीच, दुकान न घेता. जोगेश्वरीच्या त्यांच्या दावतीच्या स्वयंपाकघरात रविवारी दुपारी भट्टी रिकामी असते. तेथे ते पन्नास पार्सले करतात: भात, कोंबडी, बेंडी आणि तीन रस्से एकावर एक ओतलेले. भाव खोक्यावर छापलेला आहे. मोठे खोके आणि लहान खोके असे दोनच भाव. माखूळ ठेवत नाहीत, कारण त्याचा बाजारभाव रोज बदलतो. बांगड्याचा आंबट लक्सा दोन रविवार करून पाहिला, तो फक्त कोकणी घरांतून मागवला गेला, म्हणून तूर्त बंद आहे. पन्नासांतली तीस-बत्तीस पार्सले जुहूच्या आणि ओशिवऱ्याच्या घरी जातात, उरलेली आसपासच्या गल्ल्यांत. कांदा ते वाशीच्या बाजारातून आणतात आणि भाव वर गेला तर रस्सा कमी करायचा नाही, खोके महाग करायचे, असे त्यांनी ठरवले आहे.